विश्लेषण : पहिला लोखंडी नांगर खपायला दोन वर्षे लागली! उद्योजक बदल कसा घडवतो, हे लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या आयुष्यातून कसे कळते?

जूनचा तिसरा आठवडा म्हणजे हिंगोली जिल्ह्यात पेरणीची धांदल. वसमत, कळमनुरी, औंढा नागनाथ, सेनगाव आणि हिंगोली या पाचही तालुक्यांत उन्हाळ्यात नांगरलेली काळी रानं पावसाची वाट पाहत असतात. खोल नांगरट केल्याशिवाय कुंदा आणि हराळी हटत नाही, हे आज कुणाला सांगावे लागत नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी मात्र लोखंडी नांगर जमिनीत घातला तर जमीन नासते, असे शेतकरी ठामपणे मानत होता. हा समज मोडण्यासाठी ज्या माणसाने आयुष्याची उमेदीची वर्षे घातली, त्या लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्मदिवसही 20 जून, म्हणजे ऐन पेरणीच्या दिवसांतला. अर्थशास्त्रात उद्योजकाला बदल घडवणारा घटक का मानतात, हे समजून घ्यायला त्यांच्या आयुष्याइतके जवळचे उदाहरण मराठी मुलखात दुसरे सापडणे कठीण.

अर्थशास्त्रात उद्योजक कोणाला म्हणतात?

आपल्याकडे पैसेवाला, कारखानदार आणि उद्योजक हे शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. अर्थशास्त्राने त्यांत फरक केला आहे. अठराव्या शतकात रिचर्ड कँटिलाँ यांनी उद्योजकाकडे जोखीम घेणारा म्हणून पाहिले. तो आज ठरलेल्या भावाने माल घेतो आणि उद्या काय भाव मिळेल हे माहीत नसताना विकायला निघतो. पुढे जाँ-बाप्तिस्त से यांनी जमीन, श्रम आणि भांडवल यांची सांगड घालणारा तो उद्योजक, असे मांडले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र अर्थशास्त्रज्ञ मागणी-पुरवठ्याच्या समतोलाची गणिते मांडू लागले आणि त्या गणितांत उद्योजकाला जागाच उरली नाही. सगळे काही आधीच जुळलेले असेल, तर नवे करणाऱ्याचे कामच काय?

ही जागा पुन्हा मिळवून दिली योसेफ शुंपीटर यांनी. 1883 मध्ये तत्कालीन ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेल्या या अर्थशास्त्रज्ञाचा आर्थिक विकासावरील ग्रंथ 1911 मध्ये जर्मन भाषेत आला. त्यांच्या मते अर्थव्यवस्था एरवी त्याच त्या चाकोरीत फिरत असते. ही चाकोरी मोडते ती उद्योजकामुळे. तो पाच प्रकारे नवी जुळणी करतो. नवी वस्तू आणतो, उत्पादनाची नवी रीत आणतो, नवी बाजारपेठ उघडतो, कच्च्या मालाचा नवा स्रोत शोधतो किंवा उद्योगाची नवी घडी बसवतो.

यातले दोन मुद्दे महत्त्वाचे आहेत. पहिला, शोध लावणारा आणि उद्योजक एकच असेल असे नाही. शोध कुणाचाही असो, तो व्यवहारात उतरवतो तो उद्योजक. दुसरा, पैसा त्याच्याच खिशात असला पाहिजे असेही नाही. पैसा कर्जाने येतो. म्हणून शुंपीटर यांच्या मांडणीत उद्योजकाच्या जोडीला पत पुरवणारा कुणीतरी लागतोच. हा ग्रंथ तिकडे छापला जात होता, त्याच्या एक वर्ष आधीच इकडे एका छोट्या मराठी संस्थानातल्या ओसाड माळावर हे सारे प्रत्यक्षात सुरू झाले होते.

चित्रकलेचा विद्यार्थी यंत्रांकडे कसा वळला?

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचा शाळेच्या अभ्यासात जीव रमत नव्हता. ओढ होती ती चित्रकलेची आणि यंत्रांची. 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आले, की काही रंगांतला फरक त्यांना नीट ओळखता येत नाही. रंगांधळेपणामुळे चित्रकार होण्याचे स्वप्न संपले. त्यांनी रंग बाजूला ठेवले आणि यांत्रिक रेखाटन हाती घेतले. त्यात रंगाची गरज नव्हती, रेघ आणि माप अचूक लागत होते. या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, त्यांना शिक्षकाची नोकरी लागली.

त्या काळी सायकल ही नवलाईची वस्तू होती. 1888 मध्ये लक्ष्मणरावांनी थोरले बंधू रामूअण्णा यांच्यासह बेळगावात सायकलींचा धंदा सुरू केला. धाकटा भाऊ मुंबईहून सायकली पाठवी आणि थोरला बेळगावात विकी. गिऱ्हाइकाला ती चालवायला शिकवण्याचे कामही दुकानच करी. किर्लोस्कर बंधू हे नाव तेव्हापासूनचे. पुढे नोकरीत बढतीची संधी आली तेव्हा ती लक्ष्मणरावांना डावलून दुसऱ्याला मिळाली. त्यांनी राजीनामा दिला आणि बेळगावची वाट धरली.

दुकान चालत होते. पण लक्ष्मणरावांना विक्रीपेक्षा निर्मितीत रस होता. त्यांनी लहानसा कारखाना उभा केला आणि कडबा कापण्याचे यंत्र बनवायला घेतले. ज्वारीचा कडबा अख्खा टाकला की जनावर मऊ पाला खाते आणि ताटे तुडवते. तोच बारीक करून घातला तर वाया जात नाही. शेतकऱ्याच्या गोठ्यातली ही रोजची नासाडी त्यांनी हेरली होती. आज मराठवाड्यात ज्याला कडबा कुट्टी म्हणतात, त्याच जातीचे हे यंत्र.

लोखंडी नांगराला शेतकऱ्याचा विरोध का होता?

1903 च्या सुमारास लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. लोखंडी नांगर ही काही त्यांनी लावलेली शोधाची गोष्ट नव्हती. विलायती नांगर आधीपासून होते, पण ते महाग होते आणि मोडले तर सुटा भाग मिळत नव्हता. इथल्या जमिनीला, इथल्या बैलांना आणि इथल्या शेतकऱ्याच्या ऐपतीला झेपेल असा नांगर इथेच घडवायचा, हे त्यांनी ठरवले. शुंपीटर यांच्या भाषेत हीच नवी जुळणी.

नांगर तयार झाला, पण घेणारा कुणी मिळेना. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. लोखंडाने काळ्या आईला बाधा होते, असा समज होता. याकडे निव्वळ अडाणीपणा म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. लाकडी नांगर गावच्या सुताराने केलेला असे. मोडला तर तोच बलुत्याच्या धान्यावर दुरुस्त करून देई. लोखंडी नांगराला रोख पैसे मोजावे लागत आणि त्याला ओढायला बैलांच्या जास्त जोड्या लागत. एक हंगाम फसला तर घरात खायचे काय, असा प्रश्न ज्याच्यापुढे असतो, तो नव्या अवजाराची परीक्षा स्वतःच्या रानावर सहजासहजी घेत नाही.

नव्या गोष्टीला होणारा विरोध हा शुंपीटर यांच्या सिद्धांताचा गाभा आहे. माहिती नसणे ही अडचण लहान असते. सवय ही मोठी अडचण असते आणि त्या सवयीमागे व्यवहाराची कारणे असतात. लक्ष्मणरावांनी वाद घालण्यापेक्षा नांगर रानात चालवून दाखवण्यावर भर दिला. लाकडी नांगर जमीन फाडतो, लोखंडी नांगर माती उलथून टाकतो आणि कुंद्याची मुळे वर आणतो. हा फरक डोळ्यांनी दिसला, तेव्हा शेतकऱ्याने तो मानला. तक्रार आली तर ती ऐकून फाळात आणि ओतकामात सुधारणा होत गेली.

औंध संस्थानाने काय केले?

नांगर हळूहळू खपू लागला आणि दुसरेच संकट आले. बेळगावच्या नगरपालिकेला गावाच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा हवी होती. कारखाना हलवणे भाग पडले. जवळ भांडवल नाही, नवी जागा नाही आणि चाळिशी आलेली. याच काळात औंधला देवीच्या मंदिराच्या सभामंडपाचे काम त्यांच्याकडे आले होते. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार होते आणि त्यांना लक्ष्मणरावांच्या हुन्नराची पारख होती. त्यांनी आपल्या संस्थानात कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ 32 एकर जमीन देऊ केली आणि दहा हजार रुपये कर्ज दिले.

10 मार्च 1910 रोजी काम सुरू झाले. जमीन म्हणजे निवडुंगाने भरलेला माळ होता, पाण्याची वानवा होती आणि सापांचा सुळसुळाट. जमेची बाजू एकच, ती म्हणजे शेजारून जाणारी रेल्वे. कच्चे लोखंड आणायला आणि नांगर पाठवायला तिचाच आधार होता. आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असलेली किर्लोस्करवाडी ती हीच. पुढे स्थानकाचे नावही बदलून किर्लोस्करवाडी झाले.

अर्थशास्त्राच्या नजरेने पाहता औंधच्या राजाने इथे बँकरची भूमिका बजावली. तारण म्हणून दाखवण्यासारखे लक्ष्मणरावांकडे फारसे काही नव्हते. कर्ज मिळाले ते माणसावर आणि त्याच्या कामावर विश्वास ठेवून. हा अपवाद नव्हता. याच संस्थानात 1916 मध्ये ओगले बंधूंचा काचेचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या भोवती ओगलेवाडी वसली. संस्थान लहान असले तरी जागा आणि पाठबळ द्यायची तयारी असल्याने दोन उद्योग तिथे रुजले. त्याच काळात निजामाच्या राजवटीत असलेली हिंगोली कापसाची पेठ म्हणून नावाजलेली होती. इथला कापूस सरकी काढून गाठी बांधून बाहेर जाई आणि त्याचे सूत-कापड दुसरीकडे होई. पीक भरपूर असले म्हणजे उद्योग आपोआप येतो असे नाही, हे दोन ठिकाणांच्या या तुलनेतून दिसते.

माळावरची माणसे कोण होती?

किर्लोस्करवाडीत जमलेली माणसे मोठ्या पदव्या घेतलेली नव्हती. शंभोराव जांभेकर वसाहतीची व्यवस्था पाहत, मंगेशराव रेगे हिशेब सांभाळत आणि शिक्षण अर्धवट सुटलेले अनंतराव फळणीकर यंत्रांच्या कामात रमत. शिक्षा भोगून आलेल्या, गुन्हेगार म्हणून समाजाने बाजूला टाकलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्यावर नेमले. ज्याच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही, त्याच्यावर तो ठेवला तर तो टिकतो, हा त्यांचा अनुभव होता. स्वतः त्यांना औंधमध्ये जे मिळाले, तेच त्यांनी पुढे दिले, असेही म्हणता येईल. वसाहतीत अस्पृश्यता पाळू नये, यासाठीही त्यांचा आग्रह होता.

पहिल्या महायुद्धात परदेशातून येणारे लोखंड, कोळसा आणि रंग यांची टंचाई झाली. नांगराला मागणी होती, पण ओतायला लोखंड नव्हते. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी पन्हाळ्यावरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. शुंपीटर यांच्या यादीतला कच्च्या मालाचा नवा स्रोत तो हा. 15 जानेवारी 1920 रोजी किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली आणि घरचा कारखाना भागधारकांचा झाला. उद्योगाची ही नवी घडी होती. त्याच वर्षी गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचण्यासाठी पुतणे शंकरराव यांच्या संपादनाखाली किर्लोस्कर खबर हे मासिक निघाले. यंत्रांच्या जाहिरातीसाठी निघालेल्या या पत्राचे पुढे किर्लोस्कर मासिक झाले आणि 1930 मध्ये त्याला स्त्री या मासिकाची जोड मिळाली. नांगराच्या कारखान्याने मराठी मध्यमवर्गाच्या विचारांनाही वळण लावले.

एका वस्तूवर कारखाना थांबला नाही. उसाचे चरक, भुईमुगाच्या शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप अशी यादी वाढत गेली. 1926 मध्ये सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. त्याच वर्षी चिरंजीव शंतनुराव अमेरिकेच्या एमआयटीमधून अभियंता होऊन आले. 1930 नंतरच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले आणि नांगराचा खप घटला, तेव्हा कारखान्याने लोखंडी फर्निचर करून दिवस काढले. पुढच्या पिढीने 1946 मध्ये पुण्यात डिझेल इंजिनांचा कारखाना काढला. विहिरीवरची मोट जाऊन तिथे इंजिन आणि पंप आले, त्यात या घराण्याचा वाटा मोठा आहे. 26 सप्टेंबर 1956 रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

या बदलाची किंमत कोणी मोजली?

1942 मधील ग्रंथात शुंपीटर यांनी सर्जनशील विध्वंस ही कल्पना मांडली. नवे येते तेव्हा जुने मोडते आणि भांडवलशाही याच रीतीने पुढे सरकते, असा तिचा आशय. लोखंडी नांगर आला तेव्हा गावच्या सुताराचे काम कमी झाले. बलुत्याची एक कडी सैल झाली. बदलाचा लाभ आणि बदलाचा भार एकाच माणसाच्या वाट्याला येत नाही, हे सिद्धांतात सहज विसरले जाते.

पहिल्याच्या मागोमाग अनुकरण करणारे येतात आणि त्याचा सुरुवातीचा नफा ओसरतो, हेही शुंपीटर यांनी सांगितले होते. साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यातूनही नांगर बाहेर पडू लागले. त्यानंतर काही दशकांनी ट्रॅक्टर आला आणि बैलांचा लोखंडी नांगरच अडगळीत गेला. लाकडी नांगराला ज्याने हटवले, त्याच्यावरही तीच पाळी आली. पंप आणि इंजिनांकडे वेळेत वळल्यामुळे किर्लोस्करांचा उद्योग मात्र टिकला.

खुद्द शुंपीटर यांनाही या वाटेवरची ठेच चुकली नाही. 1919 मध्ये काही महिने ते ऑस्ट्रियाचे अर्थमंत्री होते. नंतर एका बँकेचे अध्यक्ष झाले आणि 1924 च्या पडझडीत ते पदही गेले, पैसाही गेला. अनेक वर्षे ते कर्ज फेडत राहिले. सिद्धांत माहीत असणे आणि उद्योग चालवता येणे यांत किती अंतर असते, ते यावरून कळते.

हिंगोलीसाठी यात काय आहे?

किर्लोस्करवाडी हिंगोलीपासून चारशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. पण ज्या सांगली जिल्ह्यात ती आहे, त्या सांगलीशी हिंगोलीचे नाते जुने आहे आणि ते हळदीचे आहे. वसमत-कळमनुरीची हळद वर्षानुवर्षे सांगलीच्या पेठेत जात राहिली. आता हिंगोली आणि वसमतच्या मोंढ्यातच मोठी उलाढाल होते आणि हिंगोलीची गणना राज्यातील हळदीच्या प्रमुख जिल्ह्यांत होते. काढणी, शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे इथवरचे काम शेतकरी करतो. पूड, तेल, कुरकुमिनचा अर्क, स्वतःचे नाव असलेले पाकीट या पुढच्या पायऱ्यांवर खरा पैसा असतो आणि तो बहुतांशी बाहेर जातो. शंभर वर्षांपूर्वी कापसाच्या बाबतीत जे होत होते, त्याचीच ही आठवण.

जिल्ह्यात औद्योगिक वसाहत आहे आणि वसमतला हळद संशोधन केंद्रही आहे. लक्ष्मणरावांच्या आयुष्याकडे पाहिले तर जागा आणि संशोधन यांच्यापलीकडे आणखी तीन गोष्टी लागतात, असे दिसते. गोठ्यातली वा रानातली रोजची नासाडी हेरणारा माणूस, पहिल्या दोन वर्षांत काहीच विकले गेले नाही तरी टिकण्याची त्याची तयारी आणि तारण न पाहता त्याच्या कामावर कर्ज देणारा कुणीतरी. यातली तिसरी गोष्ट आजही सर्वांत दुर्मीळ आहे. शेतकरी उत्पादक कंपनी काढणाऱ्या तरुणाला किंवा मसाल्याचा गृहउद्योग वाढवू पाहणाऱ्या बचत गटातील महिलांना पहिला प्रश्न तारणाचाच विचारला जातो.

बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे दहा हजार रुपये बुडाले असते तर एका लहान संस्थानाला ते जड गेले असते. त्यांनी ती जोखीम घेतली म्हणून निवडुंगाच्या माळावर नांगर ओतले गेले. हिंगोलीत पुढचा लक्ष्मणराव कुठे आहे, हे आज कुणी सांगू शकणार नाही. तो दारात येईल तेव्हा त्याच्यासाठी औंध कोण होणार, हे मात्र आधीच ठरवता येण्यासारखे आहे.